अठरा हजार पाचशे सत्तर

“अठरा हजार पाचशे सत्तर किलोमीटर,” बाहेरच्या खोलीत भाईदासभाऊंनी मोठ्याने वाचलं, आणि माझ्या हातातला चहा कपात जाण्याऐवजी ओट्यावर गेला. आकडा मला नवा नव्हता. वर्षभरापूर्वी मीच तो फोनवर काढला होता. दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर आणि वेळ दाखवणारं एक पान असतं, त्यात पर्थ आणि हॅलिफॅक्स घातलं होतं. एक ऑस्ट्रेलियाच्या पार पश्चिम टोकाला, दुसरं कॅनडाच्या पार पूर्वेला. पर्थमध्ये माझी रुचिका राहते, हॅलिफॅक्समध्ये तिचा नवरा भूपेश. तेव्हा तो आकडा पाहून मला गंमत वाटली होती, की पृथ्वीवर याच्या फार पुढे कोणाला जाताच येत नाही, वीस हजारांच्या पुढे गेलं की माणूस परत जवळ यायला लागतो. पण तोच आकडा बैठकीत खाकरून वाचला की त्याचा आरोप होतो. भाईदासभाऊ म्हणजे रुचिकाचे सासरे. डिसेंबरातल्या त्या सकाळी ते, त्यांची बायको कौसाबाई आणि आमच्या भाऊबंदकीतले वडीलधारे मध्यस्थ उखाआबा असे तिघं गाडी करून शहाद्याला आमच्याकडे आले होते, आणि कशासाठी आलेत हे चपला काढायच्या आत कळलं होतं. रुचिकाने पर्थची नोकरी सोडावी आणि नवऱ्याकडे हॅलिफॅक्सला जावं, असा शब्द त्यांना माझ्या नवऱ्याकडून हवा होता.

“आनि टाइम दखा,” भाईदासभाऊ पुढे म्हणाले. “एकवीस तास पस्तीस मिनिट.”

“म्हंजे आज बसनी ते उद्या तठे,” उखाआबा म्हणाले. “मंग अडचण काय शे?”

मी कान देऊन ऐकत होते, आता तरी माझा नवरा काही बोलेल म्हणून. नवनीतराव एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून रिटायर झाले. आगाराच्या खिडकीत बसून त्यांनी आयुष्यभर हेच केलं, कुठली गाडी किती किलोमीटर, तिचा रनिंग टाइम किती. ते बोलले. “त्यामा हॉल्ट धरेल नहीत,” ते म्हणाले. बस्. एवढंच. पोरीची नोकरी चाललीय आणि ह्यांना हॉल्टची चिंता. त्यांचं बरोबर होतं, हे आणखी वाईट. त्या पानावरचा वेळ म्हणजे अंतराला वेगाने भागून आलेला आकडा. असं थेट विमानच नाही. रुचिका मागच्या वर्षी नवऱ्याला भेटायला गेली तेव्हा तीन विमानं बदलून तिला एक्केचाळीस तास लागले होते, पाय सुजून भाकरीएवढे झाले होते. पण ज्यांनी शहादा-पुणे गाडीशिवाय दुसरा लांबचा प्रवास मनात धरला नाही त्यांना वाटतं, दोन गावांची नावं आहेत आणि मध्ये आकडा आहे म्हणजे गाडी असणारच.

मी ओटा पुसला, नवीन चहा टाकला. तो बाहेर कोणी पिणार नव्हतं, तरी टाकला आणि नेऊन ठेवला. आमच्याकडची रीत आहे, गाऱ्हाणं घेऊन आलेले पुरुष शब्द मिळेपर्यंत त्या घरचं पाणीसुद्धा घेत नाहीत. पाणी, चहा, सगळं समोर नेऊन ठेवायचं आणि ते तसंच राहू द्यायचं. उखाआबा मधोमध बसतात, हात गुडघ्यावर. बोलणं पिकलं की ते आपला उजवा तळवा उताणा करून पुढे धरतात. ज्याने शब्द द्यायचा त्याने त्यावर हात ठेवायचा. कागद नाही, सही नाही. हात ठेवला की झालं, आणि तो मोडलेला आमच्या भाऊबंदकीत कोणी पाहिला नाही. बायकांना ही रीत लागू नाही, कारण बायकांकडे शब्दच नसतो. म्हणून कौसाबाई माझ्याबरोबर स्वयंपाकघरात पाटावर बसून खुशाल चहा पीत होत्या. मला त्यांचा राग येत नव्हता. त्या फोनमध्ये मुलाचा फोटो दाखवत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांना खरंच पाणी होतं.

“पोऱ्या सुकी गया वो ताई,” त्या म्हणाल्या. “गालना हाडं दिसतस. रातले अंडं आनि पाव खाईसन झोपस.”

रुचिकाही एकटीच जेवते, हे माझ्या ओठावर आलं होतं. आलं आणि मी गिळलं, कारण गिळायची सवय जुनी आहे. चार दिवसांपूर्वी रुचिकाचा फोन आला होता. माझ्याशी ती शाळेतली मराठी बोलते, वडिलांशी घरची अहिराणी, लहानपणापासून असंच. ती हरभऱ्यावर काम करते. खारवट झालेल्या जमिनीत तगेल असा हरभरा. आपल्याकडे तापीकाठी पाणी देऊन देऊन वावरं पांढरी पडतात, ती तिने लहानपणी आमच्याच शेतात पाहिली आहेत. पाच हंगाम झालेत, दोन राहिलेत. मध्येच सोडलं तर पाचही गेले, दुसरा कोणी येऊन ती रोपं ओळखू शकत नाही, असं ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “मम्मी, ते लोक अण्णांचा शब्द घ्यायला येणार आहेत. अण्णांनी शब्द दिला तर मी तो मोडणार नाही. मला नाही जमणार ते, मी तशी नाहीये. म्हणून तू त्यांना देऊच देऊ नको.” मी हो म्हणाले. हो म्हणायला काय जातं. चार दिवस मी नवऱ्याशी त्यावर बोलायचं ठरवत राहिले आणि चार दिवस ते पेपर वाचत राहिले.

बाहेर उखाआबांचं सुरू झालं होतं. संसार म्हणजे काय, गाडीची दोन चाकं, वगैरे. हा आवाज मी आधी ऐकला होता. तीस वर्षांपूर्वी, रनाळ्याला, माझ्या बापाच्या घरी. तेव्हा उखाआबा पन्नाशीत होते, मिशा काळ्या होत्या, चाकं हीच होती. तेव्हाही मी स्वयंपाकघरातच होते. तेव्हा आकडा होता एकसष्ट. शहादा ते माझी शाळा, एकसष्ट किलोमीटर. अक्राणीत, डोंगराच्या पोटात, एक खोली आणि चाळीस मुलं. म्हसावद सोडलं की घाट लागायचा, घाटानंतर फाट्यावर उतरून तासभर पायी. तेवीस वर्षांची होते, डी.एड. करून लागले होते, कायम नोकरी होती, आणि खोटं कशाला बोलू, मला तिथे फार आवडायचं. पहिले सहा महिने मुलांना माझी भाषा येत नव्हती आणि मला त्यांची. आम्ही बोटांनी बोलायचो. पावसाळ्यात खोलीत कोंबड्या शिरायच्या. लग्न झालं ते मी तिथे असतानाच झालं, सासरच्यांना नोकरीवाली सून हवीच होती. पण नोकरी हवी म्हणजे पगार हवा, नोकरीचं गाव नको, हे मला लग्नानंतर कळलं. मी शनिवारी दुपारी निघायची, रात्री घरी, सोमवारी पहाटेच्या गाडीने परत. बदलीचा अर्ज केला होता. तीन वर्षं थांबा म्हणाले. तीन वर्षं थांबायला घरात कोणी तयार नव्हतं.

तिथल्या एका पोरीची मला अजून आठवण येते. फुली. चौथीत होती. मी फळ्यावर गणित घातलं होतं, एक माणूस ताशी चार किलोमीटर वेगाने चालतो, तर बारा किलोमीटर जायला किती वेळ लागेल. वर्गाने तीन तास म्हणून कल्ला केला. फुली उठून उभी राहिली आणि मी शिकवलेल्या मराठीत विचारलं, “बाई, त्याच्या डोक्यावर काही होतं का?” मी म्हटलं, गणितात तसं दिलेलं नाही. ती म्हणाली, मग ते सांगता येत नाही. लाकडाचा भारा असला तर एक वेळ, रिकामं असलं तर एक वेळ, आणि चढ आहे का उतार तेही त्यांनी लिहिलं नाही. मी तिला बस म्हटलं. बस म्हटलं, कारण पुस्तकातलं उत्तर तीन तास होतं आणि परीक्षेत तेच लिहायचं होतं. घाटातून येताजाता मला मात्र तिचा प्रश्न आठवायचा. एकसष्ट किलोमीटर मला सोमवारी अडीच तास लागायचे आणि शनिवारी त्याहून किती तरी जास्त, कारण शनिवारी डोक्यावर काय काय असायचं ते माझं मला माहीत.

आणि मग रनाळ्याला ती बैठक झाली. माझ्या सासूबाईंनी उखाआबांना पाठवलं असं मी धरून चालले. दुसरं कोण पाठवणार? नवनीतराव तर गाडीत माझ्यासाठी जागा धरून ठेवायचे, कंडक्टरला सांगायचे, फाट्यावर बाईंना नीट उतरव. त्या बैठकीत बाहेर एकसष्ट, एकसष्ट असं चाललं होतं आणि मी आत भाकरी थापत होते. माझ्या बापाने आत येऊन मला विचारलं नाही. भाकरी तव्यावर टाकली आणि बाहेर एकदम सगळे चहा प्यायला लागल्याचा आवाज आला, बशा वाजायला लागल्या, तेव्हा मला कळलं की शब्द दिला गेला. मी राजीनामा माझ्याच हाताने लिहिला, चांगल्या अक्षरात, ‘कौटुंबिक कारणास्तव’. मुलांना सांगितलं, सुट्टीवर जाते. चाळीस मुलांशी खोटं बोलले मी. पुढे शहाद्यात एका खासगी शाळेत बावीस वर्षं शिकवलं, दर जूनमध्ये नवीन ऑर्डर, कायम कधीच झाले नाही. त्याचं एवढं काही नाही. पण राजीनाम्यानंतर तीनच वर्षांत नवनीतरावांची बदली अक्कलकुव्याला झाली आणि ते पाच वर्षं तिकडे राहिले. शनिवारी यायचे. रुचिका तेव्हा चालायला शिकत होती, आणि शनिवारी आलेल्या माणसाला पाहून माझ्या मागे लपायची. कोणी बैठक बोलावली नाही. कोणी किलोमीटर मोजले नाहीत. पुरुष गेला तर ती बदली, बाई गेली तर तो हट्ट. मी सासूबाईंवर राग धरला, तो त्या जाईपर्यंत. त्यांच्या शेवटच्या आजारपणात सगळं केलं, पण पायाशी बसून दोन गोड शब्द बोलले नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला होता, तर निदान तोंड तरी दाबूनच ठेवीन म्हटलं.

“तो बिचारा काय करी?” कौसाबाई म्हणत होत्या. मी कुठे तरी गेले होते, परत आले. त्यांनी कप खाली ठेवला, दाराकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला. “त्यानीच फोन करा आम्हले, ताई. बोलना, उखाआबाले संगे ली जा. त्यासना शब्द कोणी मोडस नही.”

त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं, उलट मुलाला किती अक्कल आहे असा कौतुकाचा सूर होता. मला रुचिकाचं बोलणं आठवलं. भूपेश तिला गेला महिनाभर फोनवर सांगत होता, “मी काय करू, आई-पप्पा ऐकतच नाहीत. माझं काही म्हणणं नाही गं. तू तुझं काम कर.” आणि ती मला सांगत होती, मम्मी, भूपेश समजूतदार आहे, फक्त त्याच्या घरचे जुने आहेत. म्हणजे हा बाबा हॅलिफॅक्सला बसून बायकोशी गोड बोलत होता आणि एका फोनवर इकडे म्हातारा उठवून माझ्या दारात आणून बसवत होता. मी गॅस बंद केला. मला त्या क्षणी भीतीही वाटली, हे सांगायला हवं. उखाआबांसमोर मी तीस वर्षांत कधी उभी राहून बोलले नव्हते, व्याह्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. पण त्याच वेळी बाहेरचं बोलणं थांबलं. ती शांतता मी ओळखते. त्या शांततेत उखाआबांचा तळवा पुढे येतो.

मी दारात आले. तसंच होतं. टेबलावर तीन कप, त्यांवर साय धरलेली. उखाआबांचा तळवा उताणा, ऐंशी वर्षांचा, रेघारेघांचा. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. आणि माझ्या नवऱ्याचा उजवा हात मांडीवरून उचललेला, मध्ये कुठे तरी. मी आत गेले, भिंतीकडची खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसले. खुर्चीचा फरशीवर फार मोठा आवाज झाला.

“उखाआबा, हात मांगे ल्या,” मी म्हटलं.

नवनीतरावांचा हात तिथेच राहिला. भाईदासभाऊंनी फोन उलटा करून ठेवला. उखाआबा माझ्याकडे पाहत नव्हते, माझ्या खुर्चीच्या पायाकडे पाहत होते. “रंजिता, तू मझार जाय,” ते स्वयंपाकघराकडे बोट करून शांतपणे म्हणाले. “हाई बायासनी गोट नही.”

“पोर मन्ही, नोकरी तिन्ही, आनि गोट मन्ही नही?”

“ताई, आम्ही काय वंगाळ सांगतस?” भाईदासभाऊ म्हणाले. ते भले माणूस आहेत, आवाजही भला होता. “नवरा-बायको एक जागावर जोयजेत, इतलंच.”

“खरं शे,” मी म्हटलं. “मंग कोण हालनं ते सांगा. दोन्ही पर्थमाच व्हतात. चौदा महिना पहिले भूपेशराव हॅलिफॅक्सले गयात. मोठी पोस्ट भेटनी म्हणीसन गयात. तवय तुम्ही बैठक बलायी व्हती का? पोर जठे व्हती तठेच शे. ती दूर गयी नही. तुमना पोऱ्या दूर गया.”

हे बोलताना मला स्वतःलाच ते पहिल्यांदा स्पष्ट दिसलं. अंतर कुठून मोजायचं, हे कोणी ठरवलं? जो उठून गेला तो मध्यावर आणि जी जागेवर आहे ती लांब, हा कुठला हिशोब? मी इतकी वर्षं मुलांना काळ, काम, वेग शिकवला आणि हे मला दिसलं नव्हतं. माझा आवाज रडका नव्हता. त्यात राग होता, आणि मला त्या रागाची लाज वाटत नव्हती, मला तो आवडत होता.

“पोऱ्यानी इच्छा शे—” भाईदासभाऊ म्हणाले.

“त्यासनी इच्छा व्हई ते त्यासनी तिले सांगानं. तिले फोनवर ‘तू तुन्हं काम कर’ सांगतस, आनि तुम्हले फोन करीसन आबाले धाडतस. हाई कोठली रीत शे? तिन्हासंगे ऱ्हावानं व्हई ते या म्हना पर्थले. हॅलिफॅक्सतून पर्थले येवाले बी एकवीसच तास लागतस ना? का परतना रस्ता लांब शे?”

भाईदासभाऊंनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे कौसाबाई उभ्या होत्या, पदर तोंडाशी. त्यांना कळलं की फोनचं मला त्यांच्याकडून समजलं. मला त्यांची दया आली, पण शब्द मागे घ्यावेसे वाटले नाहीत. उखाआबांनी तळवा तसाच ठेवला होता. म्हाताऱ्याची चिकाटी मानायला हवी. ते नवऱ्याकडे वळले. “नवनीत, तू बोल. ह्या घरमा शब्द कोना शे? तुन्हा का बायकोना?”

हा प्रश्न ऐकून ताठ न होणारा पुरुष मी आमच्या भाऊबंदांत पाहिलेला नाही. नवनीतराव ताठ झालेच. मी पाहिलं, त्यांच्या हाताची बोटं सरळ झाली. आता ठेवणार, असं मला वाटलं. माझ्या डोळ्यासमोर रुचिका आली, पर्थच्या त्या उन्हात, हरभऱ्याच्या वाफ्यात वाकलेली. ती शब्द मोडणार नव्हती. ती तिच्या अण्णांसारखी होती, तेच मी तिला शिकवलं होतं, मोठ्यांचा शब्द, मोठ्यांचा मान. माझंच शिकवणं आता तिच्या गळ्याशी आलं होतं.

“द्या,” मी नवऱ्याला म्हटलं. “शब्द द्या तुम्ही. पोर मोडाव नही. मी मोडसू. तुमना हात त्या हातवर पडना का मी मझार जाईसन पिशवी भरसू आनि रनाळानी गाडी धरसू. मंग शहादा ते रनाळा किती किलोमीटर शे, ते बी फोनवर दखा. आनि मन्हासाठे दुसरी बैठक बलावा. त्या बैठकमा मी सांगसू का मन्ही नोकरी कशी गयी, कोनी धाडी, आनि चाळीस पोरंसले मी काय खोटं सांगं. समदं सांगसू. आजलोंग सांगं नही.”

मी धमकी देत नव्हते. मी खरंच गेले असते. रनाळ्याला भाऊ-भावजय आहेत, ते तोंड वाकडं करतील, करू देत. त्रेपन्न वर्षांची बाई पिशवी घेऊन माहेरी येते म्हणून गाव हसेल, हसू दे. माझ्यात काही तरी मोकळं झालं होतं आणि त्याला आता परत जागेवर बसवणं मला शक्य नव्हतं. बाहेर रस्त्यावर उसाच्या गाड्या चालल्या होत्या, ट्रॅक्टरवाल्याने लावलेलं गाणं जवळ आलं आणि गेलं. नवनीतरावांनी माझ्याकडे पाहिलं. ‘कोनी धाडी’ असं मी म्हणाले तेव्हापासून ते माझ्याकडेच पाहत होते, हे नंतर माझ्या लक्षात आलं. मग त्यांनी हात खाली घेतला आणि दुसऱ्या हाताने धरून मांडीवर ठेवला.

“आबा,” ते म्हणाले, “मी शब्द देवाव नही.”

उखाआबांनी तळवा मिटला. उठायला त्यांना वेळ लागला, भाईदासभाऊंनी धरलं. दारात चपला घालताना ते पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघून बोलले. “तुन्हा बाप शब्दना माणूस व्हता.”

“व्हता,” मी म्हटलं. “शब्द त्याना, आनि तीस वरीस मन्हा गयात.”

भाईदासभाऊंनी हात जोडले, तेही अर्धे. संबंध तुटला का राहिला ते त्यांनाही ठरवता येत नसावं. कौसाबाई सगळ्यांच्या मागे होत्या. त्यांनी माझं मनगट धरलं, दुखेल इतकं घट्ट, आणि मला वाटलं आता शिव्या देणार. “मी सांगसू त्याले,” त्या पुटपुटल्या. “तू पर्थले जाय, म्हणीसन सांगसू.” आणि गाडीत जाऊन बसल्या.

मी कप उचलले नाहीत. खुर्चीवर बसूनच राहिले. नवनीतरावही उठले नाहीत. आम्ही दोघं तीन हातांच्या अंतरावर बसलो होतो. मला त्यांच्याविषयी थोडं प्रेम वाटायला लागलं होतं, खोटं नाही सांगत. शेवटी माणसाने हात मागे घेतला. भाऊबंदांत उद्यापासून त्यांना बायकोच्या ताटाखालचं मांजर म्हणतील, हे माहीत असून घेतला. साडेअकराला त्यांचा फोन वाजला. तिकडे दुपारचे दोन, रुचिकाची जेवणाची सुट्टी. त्यांनी स्पीकर लावला, त्यांना कानाने कमी ऐकू येतं.

“अण्णा, शब्द दिधा का?”

“नही दिधा.”

पलीकडून श्वास सोडल्याचा आवाज आला. मग ती हसली की रडली ते कळलं नाही. “मम्मी बोलनी ना?”

“बोलनी,” ते म्हणाले. त्यांनी फोन तोंडाच्या अगदी जवळ धरला, मी ऐकू नये असा, पण कमी ऐकू येणाऱ्याला आपला आवाज किती मोठा ते कळत नाही. “बेटा, एक गोट सांगू का? तुन्ही मायनी नोकरी गयी ना डोंगरमानी, ती बैठक मीच बलायेल व्हती. तुन्ही आजीनी नही. उखाआबाले मीच धाडेल व्हतं रनाळाले. तुन्ही मायले समदासमोर मी काही सांगं नही. आजलोंग सांगं नही.”

माझ्या सासूबाई. मला एकदम त्यांचे पाय दिसले, शेवटच्या दिवसांतले, सुजलेले. मी ते पाय चेपले होते आणि एक शब्द बोलले नव्हते. आणि गाडीत जागा धरून ठेवणारा हा माणूस, फाट्यावर बाईंना नीट उतरव म्हणणारा. थोड्या वेळापूर्वी मी भूपेशला नावं ठेवत होते.

फोनमध्ये रुचिका म्हणाली, “माले काबर सांगतस, अण्णा? मम्मी तठेच शे ना?” आणि तिने फोन ठेवला.

नवनीतरावांनी हळूहळू मान वळवली. हा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. मी उठले, माझी खुर्ची उचलून त्यांच्या खुर्चीसमोर आणली आणि बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ.

“बोला,” मी म्हटलं. “ऐकसू मी. ऐकीसन माफ करसू असं समजू नका. पन बोला.”